मागावरची हाक

“बाई, हिची आई कायच बोलत न्हाई की,” बसवराज म्हणाला आणि कस्तुरीचा कागद त्यानं माझ्यापुढं आणून धरला.

तिसरीचा वर्ग होता. मुलं जोड्या करून फरशीवर बसली होती आणि एकमेकांच्या गोष्टी तपासत होती. नियम मीच घालून दिला होता. जोडीदाराची गोष्ट वाचायची, तिच्यात जे दिसलं नाही, जे ऐकू आलं नाही, ते त्याला विचारायचं. आणि त्यानं ते गोष्टीत घालायचं. बसवराज नियमाला घट्ट धरून चालणारा पोरगा. पंगतीत मीठ वाढलं नाही तर पानाला हात लावणार नाही, असला. कस्तुरीच्या आईचं बोलणं त्याला कुठं ऐकू आलं नव्हतं, म्हणून तो तक्रार घेऊन आला होता.

मी कागद वाचला. कस्तुरी हावळनं लिहिलं होतं, की मधल्या सुट्टीत ती आईचा डबा घेऊन कारखान्यात निघाली. वाटेत कुत्रं मागं लागलं, ती पळाली, डबा पडला आणि आमटी सगळी सांडली. भाकरी तेवढी राहिली. मग ती कारखान्याच्या दारात उभी राहिली. आत जायची भीती वाटली. आईनं लांबून बघितलं. त्याच्यापुढं एक अख्खी ओळ कोरी सोडलेली. मग खाली, ‘मी आत गेले. आईनं चटणीसंगं भाकरी खाल्ली. आई हसली.’ संपली गोष्ट.

सुरेख होती. मला त्या वर्गात तोवर अशी गोष्ट मिळाली नव्हती. मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, की बाई गं, ही ओळ का सोडलीस, इथं काय लिहायचं राहिलं? बसवराज म्हणाला, आईनं हाक मारली असंल, ती लिही की. मग सगळा वर्गच मदतीला धावला. कुणी म्हणे ‘कस्तुरे’ म्हणाली असेल, कुणी म्हणे ‘ये बाळ’ म्हणाली असेल. तिसरीतल्या पोरांना दुसऱ्याची रिकामी जागा भरायची भारी हौस. मीही त्या उत्साहात म्हणाले, “आठवून बघ. आई बोलली ते शब्द जसेच्या तसे लिही.”

कस्तुरीनं माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

तिची आई मागच्या दिवाळीच्या सुमारास काविळीनं गेली होती. हे मला ठाऊक होतं. पोर घुमी झाली होती. तिनं आईवर लिहायला घेतलं तेव्हा मला वाटलं, चला, लिहिता लिहिता मोकळी होईल. उलटंच झालं.

मी मूळची देवगडकडची. बदली होऊन त्या यंत्रमागांच्या गावात आले, तेव्हा पस्तिशीला टेकले होते. लग्न झालं नव्हतं आणि आता होणार नाही हे सगळ्यांनी, मला धरून, समजुतीनं घेतलं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. धाकटा भाऊ दिगंबर मस्कतला. आई होती तोवर त्याचा फोन दर आठवड्याला यायचा. ती गेली आणि फोन विरळ झाले, मग बंदच पडले. मीच कधी केला तर ‘हो, नाही, बरं आहे’ एवढ्यावर तो आवरायचा. त्याच्या बायकोनं कान भरले असणार असं मी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या बायकोवर खापर फोडलं की आपल्याला जरा बरं वाटतं.

तर त्या गावात मी एकटी. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या माडीवर खोली. शेजारच्या गल्लीतले माग मात्र दिवसरात्र चालू. पहिला आठवडा माझं डोकं उठलं होतं. पुढं इतकी सवय झाली की आठवड्याच्या सुट्टीला माग थांबले की जाग यायची. शेजारणी चांगल्या होत्या, पण त्यांना बोलायला सवड कुठं होती? सकाळी जाताना हात करायच्या, संध्याकाळी येताना हात करायच्या. मी स्वतःशीच बोलायला लागले होते. भाजी चिरताना मी मोठ्यानं म्हणायची, आज काय वांगं का, बरं बाई वांगं. 

वर्गाची गंमत सांगायची राहिली. पहिला महिना मी मुख्याध्यापक कुंभोजे सरांना सांगत होते, सर, काय गुणी वर्ग आहे, टाचणी पडली तर ऐकू येईल. सर नुसते हसायचे. मग एकदा फळ्याकडे पाठ असताना सहज मागं वळून बघितलं, तर वर्गात बाजार भरलेला. सगळे बोलत होते, फक्त आवाज कुणाचा नव्हता. ओठ हलत होते, बोटं हलत होती, भुवया उडत होत्या. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात माझ्या साडीवर चर्चा चालली होती म्हणे. मागांच्या घरातली पोरं ती. कारखान्यात यंत्राच्या आवाजात कानाशी तोंड लावलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ वाचतात आणि खुणांनी बोलतात. पाणी, जेवण, सूत तुटलं, मालक आला, घरी जा, सगळ्याला खूण आहे. पोरं ते चालायच्या आधी शिकतात.

मीच त्यांना गोष्टी लिहायला लावत होते. पहिल्यांदा ‘मला आठवणारा दिवस’ लिहा म्हटलं, तर सगळा वर्ग पन्हाळ्याला सहलीला गेलेला. सगळे पहाटे लवकर उठलेले, सगळ्यांनी निसर्गाचा आनंद लुटलेला. वर्गातलं एकही पोर पन्हाळ्याला गेलेलं नव्हतं. मी ते कागद बाजूला ठेवले आणि म्हटलं, पन्हाळा बंद. कागदाच्या तीन घड्या करा. पहिल्या घडीत आधी काय होतं त्याचं चित्र काढा, दुसरीत मग काय झालं, तिसरीत शेवटी काय. एकच प्रसंग, आणि तो तुमचाच हवा. खोडरबर नको, चुकलं तर रेघ मारा, म्हणजे आधी काय म्हणायचं होतं ते मलाही दिसेल. नमुना म्हणून मी लहानपणी विहिरीत कळशी पाडली ती गोष्ट फळ्यावर लिहिली. आई काय काय बोलली ते सगळं घातलं. आमच्याकडे आई बोलायला लागली की कुत्रंसुद्धा पडवीतून उठून जायचं, त्यामुळे गोष्ट संवादांनी नुसती भरली होती. पोरं खूश झाली. आणि तेव्हापासून त्यांनी धरलं, की गोष्टीत माणसं बोललीच पाहिजेत.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कस्तुरीच्या घरी गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं बोटानं कारखान्याची दिशा दाखवली.

कारखान्याच्या दारातच माझा जीव घाबरा झाला. दोन रांगा माग, वर पट्टे फिरतायत, हवेत कापसाची धूळ, आणि असला आवाज की छातीत धडधडतं ते आपलं काळीज की यंत्र ते कळू नये. कस्तुरीचा बाप मल्लाप्पा चार मागांमधून फिरत होता. कोपऱ्यात बायका कांड्या भरत होत्या, म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. त्यांच्यापाशी टोपल्याला टेकून कस्तुरी बसली होती. तिच्या शेजारच्या यंत्रापुढं दुसरीच बाई कांड्या भरत होती. ती जागा कुणाची होती हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी हाका मारल्या. माझ्या हाका मलाच ऐकू आल्या नाहीत. शेवटी एका बाईनं तिला खांद्याला हलवलं, तेव्हा तिनं वर बघितलं.

बाहेर रस्त्याच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो. मी तिला समजावलं, की ती ओळ नाही लिहिलीस तर नाही, त्यासाठी शाळा बुडवायची नाही. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग एकदम म्हणाली, “बाई, मला आईचा आवाज आठवत न्हाई.”

मी म्हटलं, असं कसं होईल, घरी बोलत असेल की. तर ती म्हणाली, आई पहाटे जायची, रात्री यायची तेव्हा मी झोपलेली असायची. दिवसा मी इथं यायची. इथं कोण बोलतंय? मी विचारलं, वीज जायची तेव्हा? माग बंद पडले की तरी बोलायची ना? त्यावर ती म्हणाली, वीज गेली की आई टोपलीवर डोकं ठेवून झोपायची, सुट्टीच्या वारी घरीही नुसती झोपायची, आम्ही तिला उठवायचो नाही.

“सगळ्यांस्नी आईचा आवाज आठवतोय. बसवराज म्हणतोय. मलाच न्हाई. म्हंजे मी वाईट हाय का?”

“छे गं,” मी म्हटलं, “वाईट कशी? आठवेल. आईचा आवाज कुणी विसरत नाही.” लहान मुलांना जे बोलून आपण वेळ मारून नेतो, त्यातलंच ते होतं.

मग तिनं सांगितलं, की त्या ओळीत आई काही बोललीच नव्हती. आईनं तिला बोलावलं होतं, पण खुणेनं. कारखान्यात नावानं हाक मारून चालत नाही, म्हणून आईनं तिच्या नावाची एक खूण केली होती. ती खूण म्हणजे कस्तुरी. दुसऱ्या कुणाची नाही. दारात उभी असताना आईनं ती केली, आणि ती आत गेली. मी विचारलं, कसली खूण, दाखव की. तिनं मान हलवली. दोन्ही हात तिनं पाठीमागं घेतले.

“मी कशी करू? ती मला बोलवायची हाय.”

तेवढ्यात मल्लाप्पा बाहेर आला. केसांत, भुवयांवर कापूस. माणूस मोठ्यानं बोलायचा, सगळेच तिथं मोठ्यानं बोलतात. पण पोरीला आत पाठवून तो माझ्याशी बोलला ते अगदी हळू. पोरगी तान्ही असताना आईच्या कानाची पाळी धरून झोपायची. सोडवली की रडायची. म्हणून आईनं तिची खूण तीच ठेवली, आपल्या कानाची पाळी ओढायची. “ती गेल्यावर मी एकदा करून बघितली, बाई. रोज मागावरनं हिला बोलवायचं म्हणून. तर पोरगी तोंड फिरवून गेली. दोन दिवस जेवली न्हाई. मग मी सोडलं. आता काय करतो, खांद्याला हात लावतो. लांब असली तर माग सोडून जातो.”

म्हणजे त्या पोरीला तिच्या खऱ्या नावानं बोलावणारं आता कुणीच नव्हतं. शाळेच्या हजेरीतलं नाव होतं, पण ते तिला कितपत आपलं वाटत असेल कोण जाणे. जिथं तिचा दिवस जायचा, तिथं तिला नाव उरलं नव्हतं. मला त्या रस्त्यावर रडू यायला लागलं आणि मी धुळीचं निमित्त करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी कस्तुरी शाळेत आली. घड्या पडलेला कागद घेऊन आली. तिनं सगळी गोष्ट चांगल्या अक्षरात पुन्हा लिहिली, कुत्र्याचा रंग घातला, आमटी मसुरीची होती ते घातलं, आणि ती ओळ तशीच कोरी ठेवली. बसवराजला मी सांगितलं, की ती ओळ तशीच राहणार आहे. त्याला ते पटलं नाही. कुंभोजे सरांना तर मुळीच पटलं नाही. पालकांच्या सभेत मुलं आपापल्या गोष्टी वाचणार होती आणि केंद्रप्रमुख येणार होते. सर कागद उलटसुलट करून म्हणाले, “बाई, रिकाम्या जागा भरा हा प्रश्न परीक्षेत असतो. गोष्टीत नसतो. आई म्हणाली, ये बाळ, एवढं घाला की. कुणाचं काय जातंय?”

मी म्हटलं, सर, तिची आई तसं म्हणाली नव्हती. सर म्हणाले, मग जबाबदारी तुमची. मी म्हटलं, माझी.

सभा सुट्टीच्या वारी ठेवली होती, माग बंद असतात म्हणून. त्याशिवाय बाप मंडळी येणार कशी? सगळं गाव चिडीचूप. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. पुढं बायका, मागं पुरुष, भिंतीला टेकून. मल्लाप्पा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला होता आणि अगदी शेवटी उभा होता. मुलं एकेक करून वाचत होती. बसवराजनं शेजाऱ्याच्या म्हशीची गोष्ट वाचली. म्हैससुद्धा त्यात बोलत होती.

कस्तुरी उभी राहिली. तिनं कुत्र्यापर्यंत वाचलं, आमटी सांडली तिथं बायका हळहळल्या. मग तिनं वाचलं, “मी दारात उभी राहिले. मला भीती वाटली. आईनं लांबून बघितलं.” आणि ती थांबली.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. मग सगळ्यांना वाटलं, विसरली. केंद्रप्रमुख गोड आवाजात म्हणाले, वाच बाळ, घाबरू नकोस. कुंभोजे सरांनी माझ्याकडे बघितलं, तेही मला दिसत होतं. कस्तुरी कागदाकडे बघतच नव्हती. ती मान वर करून माणसांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत होती, आणि वाट बघत होती. मला वाटलं, आपण हे काय होऊ दिलं, ही पोर आता सगळ्यांदेखत रडणार.

मल्लाप्पाचा हात वर आला. छातीपर्यंत येऊन थांबला. मग कानाकडे गेला, आणि त्यानं कानाची पाळी धरून ओढली. लगेच हात खाली घेतला. मी कस्तुरीकडे बघितलं. ती तोंड फिरवील अशी भीती मला वाटत होती, त्यालाही वाटत असणार.

“तसं न्हाई, पप्पा,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “दोनदा.”

मल्लाप्पानं पुन्हा कान धरला. एकदा ओढला, पुन्हा ओढला. त्याचा चेहरा सगळा ओला झाला होता आणि तो पुसत नव्हता. पुढच्या बायकांनी वळून बघितलं. त्यांच्यातल्या कांड्या भरणाऱ्यांनी ती खूण ओळखली, आणि पदर तोंडाला लावले.

“मग मी आत गेले,” कस्तुरीनं वाचलं. “आईनं चटणीसंगं भाकरी खाल्ली. आई हसली.”

ती खाली बसली. पुढच्या मुलाचं नाव घ्यायचं माझं काम होतं, ते मला जमेना. सरांनीच घेतलं.

सभा संपल्यावर बापलेक गेले. रस्त्यावर ती मुद्दाम मागं राहत होती, मग तो वळून कान ओढायचा, दोनदा, आणि ती पळत जाऊन त्याला गाठायची. असं वळणापर्यंत चाललं होतं. वळणावरून ते दिसेनासे झाले. मी सतरंज्या गोळा केल्या, कुलूप लावलं आणि खोलीवर आले.

गाव बंद होतं. खिडकीतून एकही आवाज येत नव्हता. चहा टाकला आणि मनात म्हटलं, आता आईचा आवाज आठवून बघू. कस्तुरीला मी किती ठामपणे सांगितलं होतं, की आईचा आवाज कुणी विसरत नाही. बसले डोळे मिटून. आईची वाक्यं भराभरा आली. कळशीवरून बोलली ती आली, पेज थंड होते म्हणून ओरडायची ती आली, शेवटी इस्पितळात ‘जेवलीस काय गो’ म्हणाली ते आलं. शब्दन् शब्द आला. पण सगळं माझ्याच आवाजात येत होतं. तिला बोलायला लावावं, तर मीच बोलत होते. चहा उकळून भांड्याच्या बुडाशी गेला तरी मी तिथंच. मला फार एकटं वाटलं. आई गेली त्या दिवशीसुद्धा तितकं वाटलं नव्हतं.

मग मी दिगंबरला फोन लावला. बराच वेळ वाजला. त्यानं उचलला, ‘हं’ म्हणाला. नेहमीसारखी तब्येतीची, मुलांची चौकशी मला करवेना. मी एकदम विचारलं, “दिगू, तुला आईचा आवाज आठवतो काय रे?”

मला वाटलं, झालं, आता काम आहे म्हणून ठेवणार. 

“ताई,” तो म्हणाला, “तू फोनवर ‘हॅलो’ म्हटलंस ना, की दर वेळी मला आईच वाटते. अगदी तोच आवाज आहे गो तुझा. मग कळतं, तू आहेस. म्हणून मी फोन करत नाही.”

फोन ठेवावा असं वाटलं, पण तो ठेवत नव्हता. मस्कतच्या त्याच्या खोलीत कुठंतरी पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता.

“बोल की,” तो म्हणाला. “काहीही बोल.”

मी बोलायला लागले. वर्गाचं बोलले, पन्हाळ्याचं बोलले, वांग्याच्या भाजीचं बोलले. तो पलीकडं नुसता ऐकत होता.